व्हीलचेअरची जागा आहे, पण तिकीट नाही

तिकीट मिळालं, कार्यक्रम झाला, गाणंही पोटभर ऐकलं. तरी तो कार्यक्रम आठवला की आधी डोळ्यांपुढे येते ती बुकिंगच्या पानावरची तळाची बारीक अक्षरांतली ओळ: ‘व्हीलचेअर आसनांसाठी कृपया संपर्क साधा.’ कोणाशी, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

गायकाचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की लोक गाण्यांवर घसरतात, आणि मला बोलायचंय त्या ओळीबद्दल. मी व्हीलचेअर वापरते, कॉलेजात असल्यापासून या माणसाला ऐकतेय आणि समोर बसून कधी ऐकलं नव्हतं, एवढं पुरे.

ऑनलाइन रांगेचं फार सांगत नाही. बहुतेक ठिकाणी विक्री सुरू होण्याआधी जे ‘प्रतीक्षा कक्षा’त येऊन थांबतात, त्यांचे क्रमांक चिठ्ठ्या टाकल्यासारखे कसेही लागतात. पहाटेपासून ठाण मांडून बसण्यात अर्थ नसतो, विक्री उघडायच्या थोडं आधी आत असलं की झालं. आमचा नंबर बऱ्यापैकी लवकर लागला. आसनांचा नकाशा उघडला, आणि तिथे घोडं अडलं.

नकाशावर व्हीलचेअरचं निळं चिन्ह होतं. छान, ठळक. पण त्यावर क्लिक केलं तर काहीच होत नव्हतं. आजूबाजूचे ठिपके एकेक करून राखाडी होत चालले होते, म्हणजे लोक खुर्च्या घेत होते, आणि मी नि सोबत येणारी मैत्रीण, आम्ही दोघी त्या चिन्हावर बोट आपटत होतो. हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एक मुलगा आला. म्हणाला, “मॅडम, कडेची सीट घेऊन टाका ना. खुर्ची बाजूला लावता येईल.”

हे कोणी सांगितलं तर ऐकू नका. कडेची वाट ही गर्दीला बाहेर पडायची वाट असते. आग लागली, चेंगराचेंगरी झाली तर लोक तिथूनच पळणार. तिथे व्हीलचेअर लावू देत नाहीत, आणि देऊही नये. ते तिकीट घेऊन गेलात तर दारातला माणूस तुम्हाला उठवेल, आणि नियमाने तोच बरोबर असेल.

मग टोलवाटोलवी सुरू झाली. तिकीटवाले म्हणाले, जागा सभागृहाच्या आहेत. सभागृहवाले म्हणाले, जागा आमच्याच, पण आयोजकांनी धरून ठेवल्यात. आयोजकांकडून आपोआप येणारं उत्तर आलं की तिकिटांसंबंधी तिकीटवाल्यांशी बोला. आणि मधल्या काळात पानावर ‘सर्व तिकिटे संपली’ अशी पाटी लागली. मैत्रीण म्हणाली, “सोड ना, पुढच्या वेळी बघू.” तिच्यावर मी जरा जास्तच चिडले. पुढच्या वेळीही तीच ओळ असणार होती.

खरं कारण नंतर कळलं, आणि ते कोणीतरी पहिल्याच फोनवर सांगितलं असतं तर इतका संताप झाला नसता. मोठ्या कार्यक्रमात काही जागा सुरुवातीला विकतच नाहीत. रंगमंच किती पुढे येणार, ध्वनिमिश्रणाचं टेबल कुठे लागणार, कॅमेरे कुठे उभे राहणार, हे ठरेपर्यंत त्या अडवून ठेवतात, आणि ठरल्यावर उरलेल्या सोडतात. आमचा व्हीलचेअरचा चौथरा नेमका त्या टेबलाशेजारी होता. म्हणजे जागा होती, फक्त ती विकायची परवानगी तेव्हा कोणाकडेच नव्हती. म्हणून ‘सर्व तिकिटे संपली’ वाचून आशा सोडू नका. कार्यक्रमाच्या आदल्या काही दिवसांत अशा जागा सुटतात, आणि हे सगळ्यांनाच लागू आहे, व्हीलचेअर असो वा नसो.

अखेर एक जागा देऊ केली. एकच. सोबत येणारीची खुर्ची चार विभाग पलीकडे. मी विचारलं, चढावर मला ढकलणार कोण? उत्तर आलं, “आमचे स्वयंसेवक असतात.” आणि त्याच दमात प्रश्न: “तुम्ही थोडा वेळ उभ्या राहू शकता का?” फोन ठेवला आणि मेल लिहायला बसले. अपंगांच्या हक्कांच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराचं ३० वं कलम सांस्कृतिक जीवनात बरोबरीने सहभागी होण्याबद्दल आहे, तेही त्यात घातलं. कलम वाचून कोणी हललं असेल असं वाटत नाही. पण मेल तिन्ही ठिकाणी एकत्र पाठवला होता, प्रत्येकाला दिसत होतं की बाकीच्यांनाही तो गेलाय. त्यानं काम केलं. फोनवर हात झटकता येतात, सगळ्यांच्या देखत लेखी झटकायला जड जातं.

उत्तर सभागृहाच्या एका बाईंचं आलं. तीनच प्रश्न: खुर्चीची रुंदी किती, हातानं चालणारी की बॅटरीवर, आणि कार्यक्रमभर तिच्यातच बसणार की साध्या खुर्चीत सरकणार. वाचून इतकं हायसं वाटलं! काम माहीत असलेलं माणूस असेच प्रश्न विचारतं. दुसऱ्या दिवशी शेजारशेजारच्या दोन जागा नावावर होत्या.

तर रुंदी आधीच मोजून ठेवा, चाकांच्या बाहेरच्या कडांपासून. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत फोनमध्ये असू द्या, दारात नेटवर्क मिळेलच असं नाही. चौथऱ्याची उंचीही विचारा. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतात, आणि समोरचे लोक पहिल्याच गाण्याला उभे राहतात. चौथरा नावापुरता उंच असेल तर दोन तास पाठी बघाव्या लागतात. चढ असेल तर तोही विचारा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे सर्वमान्य प्रमाण आहे, त्याहून उभा असेल तर ढकलणाऱ्याचा जीव जातो.

आमचा चौथरा पुरेसा उंच होता. आणि एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती: आवाज जुळवणारा माणूस शेजारीच बसतो, तो त्याच्या कानांनी जुळवतो, म्हणून सभागृहातला सगळ्यात नेटका आवाज तिथेच मिळतो. पहिल्या रांगेत महागडं तिकीट काढलेल्यांच्या कानावर स्पीकरची एक बाजू आदळत होती. मला गायकाचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. मनातल्या मनात थोडी फुशारकी मारली, नाही म्हणत नाही.

कानांतले बोळे मात्र न्याच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी घालून दिलेली मर्यादा पंधरा मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबल आहे, आणि ती मर्यादासुद्धा चांगलीच दणदणीत असते. संगीतासाठी बनवलेले बोळे मिळतात, त्यांनी सूर दबत नाहीत, फक्त आवाज उतरतो.

मध्येच काही उभी तिकीटवाली मंडळी आमच्या कठड्याला येऊन चिकटली. त्यांना हलवायला मैत्रिणीनं रखवालदाराला हाक मारली, स्वतः वाद घातला नाही. तेच बरं, नाहीतर अर्धं गाणं भांडणात जातं.

आणि हो, लिफ्ट! ती चालवणारा माणूस कार्यक्रम संपल्यावर किती वेळ थांबतो, हेही त्याच मेलमध्ये विचारून घ्या. मी विचारलं होतं, म्हणून शेवटच्या फर्माइशीपर्यंत निवांत बसता आलं. आमच्या शेजारच्या आजोबांना त्यांच्या मुलानं दोन गाणी आधीच उठवून नेलं.