झाड नंबर चार: निकाल लागला

मंडळी, माझ्या यादीतल्या झाड नंबर चारवरचं ते घोस्ट ऑर्किड (झाडांच्या खोडावर वाढणारं दुर्मिळ ऑर्किड) नाही. तीन उन्हाळे ज्या मुळांपुढे गुडघाभर पाण्यात उभा राहून मी ‘यंदा फुलणार’ म्हणत होतो, ती रिबन ऑर्किडची निघाली.

जागा तुम्हाला माहीत आहेच: फ्लोरिडातली फाकाहॅचीची दलदल, जेन्स ड्राइव्हला गाडी लावायची, ट्रामवरून चालायचं (सायप्रस तोडून न्यायला रूळ टाकले होते, तेच बांध), मग पाण्यात उतरायचं. पुढचं सांगत नाही, ऑर्किडचोरांना आपल्याहून चिकाटी असते. चार नंबर म्हणजे पॉप अ‍ॅश, दलदलीत वाढणारं झाड. छातीच्या उंचीवर करड्या मुळांचं जाळं, पान एकही नाही. आता घोस्टही बिनपानाचं आणि रिबनही. दोघांची मुळंच पानांचं काम करतात. कोरडी असली की दोन्ही राखाडी. आणि माझे झाडून सगळे चांगले फोटो फेब्रुवारी-मार्चचे, कारण तेव्हा पाणी घोट्याएवढं आणि डास जरा माणसात असतात. घोळ तिथेच झाला.

शनिवारी परत फिरणार तोच सर कोसळली. पळून जाणार कुठे? उभा राहिलो. मुळं भिजत गेली तशी बघता बघता हिरवी झाली. बाहेरचा स्पंजासारखा थर पाणी प्यायला की आतला हिरवा दिसायला लागतो. घोस्टच्या मुळांवर अशा वेळी पांढऱ्या तुटक रेघा उठून दिसतात, कारण तेवढ्या जागी हवा राहते. दहापट भिंग लावून वीतभर मूळ इंचाइंचाने पाहिलं. एक रेघ नाही. वर मूळ चपटं, फितीसारखं झाडाला चिकटलेलं, आणि टोक गंजल्यासारखं तांबूस. ‘फितीसारखं’ हा शब्द मनात आला तेव्हा स्वतःचंच हसू आलं. नावातच लिहिलंय की!

दोन दिवस तोंड कडू होतं. पण अमेरिकेत रिबन फक्त फाकाहॅचीतच आहे, तेव्हा तीन वर्षं अगदीच पाण्यात गेली असं नाही.

सामानाचं: ऑनलाइन घेतलेल्या ‘वॉटरप्रूफ’ बॅगेची चेन पहिल्याच सरीत गळली. कॅमेरा वाचला तो आईच्या पद्धतीने, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि रबरबँड. वेडरच्या (पाण्यात उतरायच्या रबरी विजारीच्या) भानगडीत पडू नका, जुने कॅनव्हासचे बूट बेस्ट.

जुलैत कॉर्कस्क्रूला, म्हणजे फ्लोरिडातल्याच दुसऱ्या दलदलीत, जायचं ठरलं होतं, बोर्डवॉकवरून दुर्बिणीने ते २००७ मध्ये सापडलेलं, सायप्रसवर पन्नासेक फुटांवरचं घोस्ट बघायला. पण हे लिहिताना मध्येच उठलो आणि पावसातले जुने फोटो काढून बसलो. नऊ नंबर, पाँड अ‍ॅपल, म्हणजे आपल्या सीताफळ-रामफळाचं भावंड. त्याच्या खोडावरचं जे मी ‘दगडफूल’ म्हणून सोडून दिलं होतं, ते मोठं करून पाहिलं. तीन हिरवी मुळं, सर्वात लांब करंगळीएवढं, आणि त्यावर पांढऱ्या तुटक रेघा. मी मोजल्या. अकरा.

कॉर्कस्क्रू रद्द. येत्या रविवारी नऊ नंबर. तिथे आता पाणी कंबरेपर्यंत असणार, आणि वाटेतल्या खड्ड्यात ती अ‍ॅलिगेटरची मादी पिल्लं घेऊन बसलेली असते. लांबची वाट धरावी लागेल, आणि काठीही मोठी.