पन्नास एमएम घ्यायच्या आधी खोली मोजा

डीएसएलआर कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ एमएमची किट लेन्स थोडे महिने वापरून झाली की पुढची लेन्स कुठली, हा प्रश्न येतोच. आणि कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: ‘पन्नास एमएम, वन पॉइंट एट. डोळे झाकून घे.’ म्हणजे ५० मिलिमीटर फोकल लेंग्थची (हा आकडा जितका मोठा, तितकं दृश्य जवळचं आणि अरुंद), एफ/१.८पर्यंत उघडणारी लेन्स. चांगलीच आहे, स्वस्तही आहे. पण बहुतेकांना ती हवी असते घरातल्या फोटोंसाठी, आणि नेमकी तिथेच ती अडते.

कॅननच्या १५००डी किंवा २००डी या बॉडींमधल्या, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यांमधल्या, सेन्सरची लांब बाजू सुमारे २२.३ मिलिमीटर. उभ्या फ्रेममध्ये एक अख्खा माणूस घ्यायचा, डोक्यावर आणि पायाखाली जरा जागा सोडायची, म्हणजे दोन मीटर उंची धरा. ५० एमएमने तेवढं बसवायला साडेचार मीटर मागे जावं लागतं. पंधरा फूट. वन बीएचकेचा हॉल जेमतेम तेवढा लांब असतो, आणि त्यात सोफा, टीव्हीचं युनिट आणि बारशाला आलेली माणसं. फोटो काढणाऱ्याची पाठ भिंतीला लागते आणि फ्रेममध्ये पाळण्याचा दांडा आणि दोन आत्या एवढंच येतं. हाच फोटो निकॉनच्या क्रॉप, म्हणजे असाच लहान सेन्सर असलेल्या, बॉडीवर ३५ एमएमने तीन मीटरवरून, म्हणजे दहा फुटांवरून निघतो. कॅननवर २४ एमएम असेल तर सात फूट पुरतात.

त्यामुळे पैसे घालण्याआधी एक दिवस असा काढा. किट लेन्सची झूम रिंग ३५वर ठेवा, चिकटपट्टी लावून टाका आणि घरभर फोटो काढा. दुसऱ्या दिवशी रिंग ५५च्या जरा अलीकडे आणून तेच करा. सतत मागे मागे सरकावं लागलं तर ५० तुमच्या घरासाठी नाही. शिवाय जुने फोटो कॉम्प्युटरवर उघडून प्रत्येकाची फोकल लेंग्थ बघा, ती फाइलच्या माहितीतच लिहिलेली असते. निम्मे फोटो १८वर आणि निम्मे ५५वर, असंच चित्र बहुधा दिसतं. १८वाल्यांना आणखी वाइड हवं असतं, ५५वाल्यांना टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स. प्राइम, म्हणजे ५०सारखी झूम न होणारी लेन्स, दोघांनाही लगेच लागत नाही.

मग प्राइम घ्यायची कशासाठी? उजेडासाठी. किट लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, ५० एमएमला एफ/५.६पर्यंतच उघडतं (आकडा लहान तेवढं भोक मोठं). एफ/१.८ म्हणजे सव्वातीन स्टॉपहून थोडा जास्त फरक (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), जवळजवळ दहापट उजेड. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली गणपतीची आरती चालू आहे, शटर १/१२५ सेकंद ठेवलंय आणि किट लेन्सवर आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता (वाढवली की फोटो दाणेदार होतो), ६४००ला पोचतोय, तर एफ/१.८वर तोच फोटो आयएसओ ६४०ला मिळतो. टाळ वाजवणाऱ्या पोराचा हात थांबवायचा असेल तर हा फरक लागतोच. किट लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन इथे कामाचं नाही. ते तुमचा हात हलला तर सांभाळून घेतं, समोरच्याचा हात हलला तर नाही.

निकॉनवाल्यांचं काम त्यामुळे सोपं आहे: एएफ-एस डीएक्स ३५ एमएम एफ/१.८जी, २००९पासूनची. वजन २०० ग्रॅम, फोकस ३० सेंटिमीटरपासून, फिल्टर ५२चा, पुढे लावायचं हुड खोक्यातच येतं. डीएक्स म्हणजे क्रॉप बॉडीसाठीची, एएफ-एस म्हणजे फोकसची मोटर लेन्समध्येच, म्हणून डी३०००, डी५००० मालिकेतल्या कुठल्याही बॉडीवर ऑटोफोकस चालतो. बजेटमध्ये घरातली एकच लेन्स घ्यायची तर ही. ५० एफ/१.८जी नंतरही घेता येईल.

फसगत होते ती ५० एफ/१.८डीमध्ये. स्वस्त मिळते, बॉडीला जोडणारी कडी (माउंट) धातूची, दिसायला देखणी. पण तिच्यात मोटर नाही. बॉडीतला बारीक स्क्रू तिला फिरवतो, आणि तो स्क्रू डी३००० किंवा डी५००० मालिकेतल्या बॉडीत ठेवलेलाच नाही. लेन्स बसते, फोटोही येतो, फोकस मात्र हाताने करायचा. एफ/१.८वर, त्या छोट्या व्ह्यूफाइंडरमधून, पळणाऱ्या पोरावर! उलट बाजूची फसगत एएफ-पी लेन्सची. या नव्या, वेगवान, आवाज न करणाऱ्या. पण डी३१००, डी५१००, डी९०, डी७००० अशा जुन्या बॉडींवर त्यांचा फोकस चालतच नाही. हाताने फिरवायची रिंगसुद्धा विजेवर चालते, त्यामुळे तीही निकामी. जुनी बॉडी असेल तर नावात एएफ-एस आहे ना, हे बघूनच पैसे काढा.

कॅननवाल्यांचं दुखणं वेगळं. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस या दोन्ही प्रकारच्या लेन्स त्यांच्या क्रॉप बॉडीवर बसतात, मोटरचा घोळ नाही. पण ३५ एफ/१.८सारखी स्वस्त लेन्स कॅननने क्रॉप डीएसएलआरसाठी काढलीच नाही. २४ एमएम एफ/२.८ एसटीएम (शांत फोकस मोटरची) आहे, २०१४ची. बिस्किटाएवढी चपटी, १२५ ग्रॅम, १६ सेंटिमीटरवरून फोकस करते. छोट्या घरात, दुकानात, गल्लीत फारच सोयीची. मात्र किट लेन्स २४ला साधारण एफ/४ उघडते, म्हणजे फायदा एकाच स्टॉपचा, आणि हिच्यात स्टॅबिलायझेशन नाही. ‘लो लाइटसाठी घे’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. छोटी आणि शार्प आहे म्हणून घ्या. योंगनुओची ३५ एफ/२ खिशाला परवडते, पण तिचा फोकस आवाज करतो आणि अधूनमधून चुकतो. एकाच क्षणाचे तीन फोटो काढायची सवय असेल तर चालून जाईल.

एवढं सगळं तपासूनही ५०च हवी असेल, म्हणजे चेहरे, अंगणातली मुलं, स्टेजवरचा कार्यक्रम, तर कॅननची २०१५ची एसटीएम घ्या. तिच्याआधीची ५० एफ/१.८ II १९९०ची. माउंट प्लास्टिकचं, ॲपर्चरची पाती पाच, कमी उजेडात फोकस करकरत मागेपुढे होत राहतो, आणि आपटली तर पुढचा भाग सुटून हातात येतो. एसटीएमला धातूचं माउंट आहे, सात पाती आहेत, फोकस ४५ऐवजी ३५ सेंटिमीटरवरून होतो. हिचं एक दुखणं मात्र दुकानात कुणी सांगत नाही. फोकस होताना पुढची नळी बाहेर येते, आणि कॅमेरा बंद केला की आहे तिथेच राहते. ती बाहेर असताना कॅमेरा बॅगेत कोंबला तर दाब थेट फोकसच्या यंत्रणेवर येतो. बंद करण्याआधी खिडकीबाहेर लांब कुठेतरी एकदा फोकस करा, नळी आत जाते. काही बॉडींच्या मेन्यूत ‘बंद करताना लेन्स आत घे’ असा पर्याय असतो, तो चालू करून ठेवा. आणि हुड लावा, धक्का हुड झेलतं. यूव्ही फिल्टरपेक्षा ते पैसे सार्थकी लागतात.

पहिल्या आठवड्यात हमखास येणारी तक्रार: ‘फोटो शार्प येत नाहीत.’ क्रॉप बॉडीवर, एफ/१.८ला, दीड मीटरवर फोकसमध्ये असलेली जागा जेमतेम सहा सेंटिमीटर खोल असते. एक मीटरवर तीनहूनही कमी. नाकावर फोकस झाला तर कान गेले. मधला एकच फोकस पॉइंट निवडा, जवळच्या डोळ्यावर ठेवा, आणि फोकस झाल्यावर पुढेमागे डुलू नका. ग्रुप फोटोत दोन रांगा असतील तर चार मीटरवरूनही एफ/१.८ला मागची रांग धूसर येते. एफ/४ तरी ठेवा. शटर क्रॉप धरून मोजायचं: ५० गुणिले कॅननचा क्रॉपचा आकडा १.६ म्हणजे ८०, म्हणून किमान १/८०, आणि मुलं असतील तर १/२००.

टेलीचं थोडक्यात. स्टॅबिलायझेशनला कॅनन आयएस म्हणतं आणि निकॉन व्हीआर. कॅननची ५५-२५० आयएस एसटीएम बिनधास्त घ्या. निकॉनची ७०-३०० डीएक्स एएफ-पी घ्या, पण नावात व्हीआर आहे ना ते वाचा, कारण तशीच दिसणारी व्हीआर नसलेलीही मिळते. कॅननची ७५-३०० III जोडीच्या किटमध्ये गळ्यात मारली जाते. तिच्यात आयएस नाही, ३००ला फोटो मऊ येतात आणि हाताने धरून १/५००च्या खाली जाता येत नाही. फुकट मिळाली तरच ठेवा. भिगवणला रोहित पक्षी टिपायला निघाला असाल तर २५० एमएममध्ये थवा छान येतो. एकट्या पक्ष्याचा फोटो नावाडी किती जवळ नेतो त्यावर.

आता जुन्या लेन्सबद्दल, कारण खरी बचत तिथेच आहे. २०१८ला कॅननने आरएफ आणि निकॉनने झेड माउंट आणला, लोक आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळले आणि डीएसएलआरच्या लेन्स बाजारात आल्या. मुंबईत फोर्टला बोरा बाजारात फिरलात तर काउंटरवर हव्या तेवढ्या दिसतील. घेताना मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या एका टोकाकडून तिरका मारा आणि दुसऱ्या टोकाकडून आत बघा. धुळीचे चार कण दिसले तर दुर्लक्ष करा, फोटोत येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू किंवा फांद्या फुटल्यासारखा डाग दिसला तर ती बुरशी. कितीही स्वस्त असो, परत ठेवा. निकॉनच्या जी लेन्सला मागे छोटी दांडी असते. बोटाने सरकवून सोडली की पाती झटकन मिटायला हवीत. आळसावत मिटत असतील तर पात्यांवर तेल आलंय.

मग फोकस. काउंटरवर वर्तमानपत्र तिरकं ठेवा, एका ओळीवर व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून पूर्ण उघड्या ॲपर्चरवर फोटो काढा. त्याच ओळीवर लाइव्ह व्ह्यूमधून, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघत, दुसरा काढा. दुसऱ्यात ओळ शार्प आणि पहिल्यात तिच्या पुढची किंवा मागची ओळ शार्प असेल, तर ही लेन्स आणि तुमची बॉडी यांचं जमत नाही. महागड्या बॉडींत हे मेन्यूतून सुधारता येतं, सुरुवातीच्या बॉडींत नाही. दुसरी लेन्स मागा. अर्थात त्यासाठी आपली बॉडी सोबत न्यायला हवी; दुकानदाराच्या कॅमेऱ्यावरची परीक्षा तुमच्या उपयोगाची नाही.

आणलेली लेन्स पावसाळ्यात कपाटातल्या कापडी बॅगेत ठेवू नका, विशेषतः कोकणात आणि गोव्यात. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात छोटा आर्द्रतामापक आणि सिलिका जेलची पिशवी पुरते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये असावा. निळे खडे गुलाबी झाले की स्वयंपाकघराबाहेरच्या वेगळ्या पत्र्यावर मंद आचेवर तापवायचे, पुन्हा निळे झाले की गार करून डब्यात टाकायचे. तो पत्रा जेवणाच्या भांड्यांत परत मिसळू नका, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं.