मागच्या सीटवर बसून ठरवा
आज कॉम्पॅक्ट आणि मिडसाइझ एसयूव्ही शेजारी शेजारी लावून पाहिल्या. खरा फरक कळतो तो मागच्या सीटवर. पाठमोरी चाइल्ड सीट लावली की कॉम्पॅक्टमध्ये पुढची सीट बरीच पुढे सरकवावी लागते. उंच माणसाचे गुडघे थेट डॅशबोर्डला टेकतात. म्हणून टेस्ट ड्राइव्हला घरची चाइल्ड सीट आणि बाबागाडी न्याच.

डिकीचे लिटर छतापर्यंत मोजलेत की पार्सल ट्रेपर्यंत (मागच्या सीटमागची, डिकी झाकणारी फळी), हे आधी विचारा. पेलोडकडे, म्हणजे माणसं आणि सामान मिळून गाडी किती वजन वाहू शकते त्याकडे, तर कुणी बघतच नाही! ड्रायव्हर धरून ५ जण, प्रत्येकी ७५ किलो, म्हणजे ३७५ किलो. पेलोड ४२५ असेल तर सामानाला उरले फक्त ५०.

मागे रोज तिघं बसणार असतील तर मिडसाइझच. एकच मूल आणि पार्किंग अरुंद असेल तर कॉम्पॅक्ट घ्या, निर्धास्त.