ॲनिमल किंगडम: जनावरांच्या वेळेनं काढलेला एक दिवस

ऑरलँडोला जाऊन आलेली मराठी मंडळी डिस्नेच्या ॲनिमल किंगडमबद्दल हमखास एक वाक्य ऐकवतात, "अर्ध्या दिवसात होतं ते." दुपारी बाराला आत शिरायचं, तीन-चार राइड करायच्या आणि निघायचं, असा बेत असेल तर होतंच. फक्त मग सिंह पाय ताणून झोपलेले दिसतात, वाघ झुडपामागं गेलेले असतात आणि घरी येऊन सांगायला उरतो तो उकाडा. ही बाग आम्हा दोघांना आवडली ती पूर्ण दिवस देऊन, तोही राइडच्या नव्हे तर जनावरांच्या वेळापत्रकानं काढला म्हणून. त्या दिवसाचा क्रम आणि त्यामागची कारणं इथं लिहीत आहोत.

वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधलं हे चौथं पार्क २२ एप्रिल १९९८ रोजी, म्हणजे वसुंधरा दिनी, उघडलं. पसारा सुमारे ५८० एकर, पण त्यातली बरीच जमीन जनावरांची. राइड मोजक्या आहेत, चालायच्या वाटा पुष्कळ. म्हणून बूट जुने, पायाला सरावलेले घालावेत.

इथं मोनोरेल येत नाही. डिस्नेच्या हॉटेलात उतरला असाल तर त्यांची बस, नाहीतर आपली गाडी. पार्किंगचे पैसे वेगळे. तिकिटाचा दर तारखेनुसार बदलतो. चारही पार्कांत हेच सगळ्यात स्वस्त, गर्दी नसलेल्या दिवशी ११९ डॉलरपासून सुरू होणारं. गेट बहुतेक दिवशी सकाळी आठच्या सुमारास उघडतं आणि पार्क बाकीच्या तिघांपेक्षा लवकर बंद होतं. सकाळचा एक तास वाया घालवला तर संध्याकाळी तो भरून काढता येत नाही. डिस्नेच्या ॲपवर दिसणाऱ्या वेळेच्या पाऊण तास आधी गेटवर उभं राहावं. डिस्नेच्या हॉटेलातल्या पाहुण्यांना अर्धा तास आधी आत सोडतात.

आत गेल्यावर लोंढा डावीकडं वळतो, 'अवतार' चित्रपटावर बेतलेल्या पँडोरा विभागातल्या 'फ्लाइट ऑफ पॅसेज' या राइडकडं. हॉटेलचा अर्धा तास हाताशी असेल तर तुम्हीही जा, कारण त्या वेळात सफारी सुरूच झालेली नसते. नसेल, तर त्या लोंढ्याच्या मागं उभं राहण्यात अर्थ नाही. सरळ पुढं आफ्रिका विभागातल्या हरांबे गावाकडं चालू लागा. 'फ्लाइट'ची रांग संध्याकाळीही मिळेल. सकाळी उठून चरणारा गेंडा संध्याकाळपर्यंत तुमच्यासाठी थांबणार नाही.

'किलिमांजारो सफारीज' हा सुमारे ११० एकरांचा माळ. उघड्या ट्रकमधून फेरी साधारण वीस मिनिटांची, पण जिराफ रस्त्यात उभा राहिला की ट्रक थांबतो आणि त्याच्या मागचे सगळे ट्रकही. हॉर्न वाजवायचा नाही, जिराफाला हटवायचं नाही. बाहेर लावलेली 'रांग ३० मिनिटं' ही पाटी अशा वेळी एकदम पन्नासवर जाते. तशी दिसली तर थोड्या वेळानं परत या. ट्रकमध्ये बाकाचं टोक मिळालं तर उत्तम. दोघांनी एकेक फेरीला टोक वाटून घ्यावं, कारण जनावरं दोन्ही बाजूंना असतात. शेवटच्या रांगेत धक्के जास्त बसतात. पाठीचं दुखणं असेल तर पुढची रांग मागावी, शक्य असेल तेव्हा देतात. फोटोसाठी मोबाइलचा झूम पुरतो. ट्रक मात्र हलत असतो, म्हणून एकेक फोटो टिपण्यापेक्षा बर्स्ट ठेवावा आणि पट्टा मनगटात अडकवावा.

क्रम साधारण असा: आधी जंगल, त्यात ओकापी, काळा गेंडा, पाणघोडे आणि मगरी, मग एकदम मोकळं गवत, तिथं जिराफ आणि हरणांचे कळप, पुढं हत्ती, चित्ते, पांढरे गेंडे आणि उंच खडकावर सिंह. यात कुंपण कुठंच दिसत नाही, आणि खरं कौशल्य ते हेच. खंदक गवताच्या उंचवट्याआड लपवलेले आहेत, चर पाण्यानं भरून ओढ्यासारखे केलेले आहेत. चाकोऱ्या पडलेला मातीचा रस्ता म्हणजे रंगवलेलं काँक्रीट; ओलं असताना त्यावरून चाकं फिरवून चाकोऱ्या उमटवलेल्या. गोरखचिंचेचे अवाढव्य बुंधेही सिमेंटचे. एकदा हे कळल्यावर दुसऱ्या फेरीत जनावरांपेक्षा खंदकच शोधावेसे वाटतात, आणि आम्हाला ती फेरी पहिलीइतकीच आवडली.

सकाळचा आग्रह का? थंडाव्यात जनावरं चालतात, उन्हात सावलीला बसतात, आणि सावली बहुधा रस्त्यापासून लांब असते. संध्याकाळी ऊन कललं की पुन्हा हालचाल सुरू होते. पण जनावरांना रात्री निवाऱ्यात घ्यायचं असल्यानं सफारी बहुतेक दिवशी बाकी पार्कच्या आधी बंद होते. दुसरी फेरी करायची असेल तर शेवटची वेळ सकाळीच ॲपमध्ये बघून ठेवावी.

ट्रकमधून उतरलात की शेजारीच 'गोरिला फॉल्स'ची पायवाट. इथं घाई करणारा फसतो. गोरिला दोन ठिकाणांहून दिसतात, आधी जाड काचेतून आणि पुढं झुलत्या पुलावरून. काचेजवळ नसले तर पुलावर असतात. पाणघोड्याची काच सकाळी स्वच्छ असते, दुपारपर्यंत पाणी गढूळ होतं. ते पाणघोड्याचंच कर्तृत्व.

मधल्या बेटावरचा 'ट्री ऑफ लाइफ' फोटोसाठी सगळे समोरून बघतात. १४५ फूट उंचीच्या या झाडाच्या आत तेलविहिरीच्या समुद्री मंचासारखा लोखंडी सांगाडा आहे. लाखभर पानं कृत्रिम आहेत, आणि वादळवाऱ्यात फांद्यांना थोडं हलता यावं म्हणून खोडात सांधे ठेवलेले आहेत. बुंध्यावर तीनशेहून जास्त प्राणी कोरलेत. समोरच्या गर्दीत थांबू नका. मागच्या बाजूला जाणाऱ्या वाटा रिकाम्या असतात आणि कोरीव काम तिथून हाताच्या अंतरावर येतं.

साडेअकरा-बाराला ऊन तापलं की छपराखाली जावं. 'फेस्टिव्हल ऑफ द लायन किंग' हा अर्ध्या तासाचा, गाण्यांचा आणि कसरतींचा खेळ त्यासाठी सोयीचा. थिएटर वातानुकूलित आहे. वीस-पंचवीस मिनिटं आधी पोचलं तर दोन जागा शेजारी-शेजारी मिळतात.

जेवणाचं सांगायचं तर घरचा डबा आत नेता येतो. काचेची बाटली आणि सुटा बर्फ तेवढा चालत नाही. पोळीची गुंडाळी आणि कोरडी चटणी उन्हात टिकते, दहीभात टिकत नाही. विकतचं घ्यायचं तर पँडोरातल्या 'सातुली कँटीन'मध्ये भात-भाज्यांचा वाडगा मिळतो आणि शाकाहारी माणसासाठी त्यावर तिखट टोफू. ऑर्डर ॲपवरून साडेअकरालाच द्यावी. बाराला दिली तर जेवणाची वेळ एक-दीडची मिळते. बर्फाचं पाणी खाण्याच्या काउंटरवर फुकट मिळतं, मागावं लागतं इतकंच. पेल्याला झाकण नसतं आणि नळी कागदी असते. प्लॅस्टिक वाऱ्यानं उडून जनावराच्या पोटात जाऊ नये म्हणून हा नियम, आणि फुगे विकत नाहीत तेही त्याचसाठी. आशिया विभागात चहाची टपरी आहे. तिथला 'चाय' गोड आणि दालचिनीच्या वासाचा; आलं-गवती चहाची अपेक्षा ठेवून जाऊ नये.

आशिया विभाग हा मराठी माणसासाठी या बागेतला सगळ्यात गमतीचा भाग. गावाचं नाव आनंदपूर, नदीचं नाव चक्रनदी. बागेचे मुख्य रचनाकार जो रोडी आणि त्यांच्या चमूनं नेपाळ-हिमालयात फिरून हे सगळं उचललं. पोपडे उडालेल्या भिंती, लोंबकळणाऱ्या तारा, जुनी सायकल, फाटकी पोस्टरं, सगळं मुद्दाम घडवलेलं. आपल्याकडं जे महापालिका फुकट देते, त्यासाठी इथं कारागीर बसवले होते.

'महाराजा जंगल ट्रेक' राइड नसल्यामुळं निम्मे लोक चुकवतात. पडक्या राजवाड्यातून जाणारी ही पायवाट अर्ध्या तासाची, पण तिला पाऊण तास द्या. सुरुवातीला कोमोडो ड्रॅगन. तो नेहमी खडकाच्या रंगात विरघळलेला असतो, आधी जीभ दिसते. मग मोठी फळभक्षी वटवाघळं. त्यांच्या दालनात एका ठिकाणी खिडकीला काच नाही, नुसते गज आहेत. पंखांचा पसारा पाच फुटांच्या आसपास असल्यानं गजांमधून उडत बाहेर येणं त्यांना जमत नाही. भीती वाटत असेल तर काचेच्या खिडकीवरून बघा, तीही शेजारीच आहे.

वाघ सुमात्राचे, आपल्या ताडोब्यातल्यांपेक्षा अंगानं लहान आणि पट्टे दाट. ते बघायच्या जागा बऱ्याच आहेत: पडक्या कमानींमधल्या काचा, पूल आणि उंचावरचा सज्जा. लोक पहिल्या काचेशी गर्दी करतात, वाघ नाही म्हणतात आणि पुढं जातात. तसं न करता सगळ्या जागा फिरून पुन्हा पहिलीकडं यावं. दुपारच्या उन्हात वाघ पाण्याजवळ किंवा भिंतीच्या सावलीत असतो, म्हणून नजर आधी तिकडं. पलीकडं काळवीट चरत असतात, वाघाच्याच माळावर असल्यासारखे. मधला खंदक तुमच्या उंचीवरून दिसत नाही इतकंच. रेहेकुरीला काळवीट बघितलेल्यांना ते ओळखीचे वाटतील, पण इथले माणसाकडं बघून पळत नाहीत.

आता राइड. 'एक्सपिडिशन एव्हरेस्ट' ७ एप्रिल २००६ला सुरू झाली. डोंगराची उंची २०० फुटांच्या किंचित खाली ठेवली आहे, कारण त्यावर गेलं की विमानांसाठी लाल दिवा लावावा लागतो आणि हिमालयाच्या शिखरावर तो शोभला नसता. ८० फुटांचा उतार, ताशी ५० मैलांच्या आसपास वेग, आणि मध्येच तुटलेला रूळ दिसल्यावर गाडी अंधारात उलटी मागं जाते. पोट बिघडतं ते या उलट्या भागात, उतारावर नाही. जेवून लगेच बसू नये. एकेकट्यासाठी वेगळी रांग आहे आणि ती झपाट्यानं सरकते, पण दोघांना वेगळ्या डब्यांत बसवतात आणि वाटेतलं देऊळ व यतीचं, म्हणजे हिममानवाचं, संग्रहालयही हुकतं. पहिल्यांदा मोठ्या रांगेतून एकत्र, दुसऱ्यांदा हवं तर एकेकटं. शेवटच्या उतारात वर बघा, तिथं यती आहे. २५ फुटी यंत्र राइड सुरू झाल्यावर थोड्याच काळात हलायचं थांबलं, तेव्हापासून लुकलुकत्या दिव्यांनी हालचालीचा भास करतात. दुरुस्त होईल तेव्हा होईल. आम्हाला तो तसाच प्रिय आहे.

'काली रिव्हर रॅपिड्स'मध्ये बारा जणांची गोल होडी फिरत खाली जाते, त्यामुळं कोण भिजणार हे आधी सांगता येत नाही. कुणीतरी चिंब होतोच. सकाळी बसू नये: ओल्या मोज्यांवर दिवसभर चाललं की संध्याकाळी टाचेला फोड येतात, आणि फ्लोरिडाच्या दमट हवेत जीन्स वाळत नाही. सुकी मोज्यांची जोडी लॉकरमध्ये ठेवावी, सँडल घालाव्यात, मोबाइल झिपच्या पिशवीत घालावा. होडीच्या मध्यावरचा कप्पा कोरडा राहील या भरवशावर राहू नये. दोघांपैकी एकालाच भिजायचं असेल तर दुसऱ्यानं जवळच्या पुलावर जावं. तिथली बटणं दाबली की दगडी हत्ती खालच्या होड्यांवर पाणी उडवतात.

जून ते सप्टेंबर दुपारी वीज-पाऊस ठरलेला. विजा जवळ आल्या की एव्हरेस्ट, काली आणि सफारी थांबतात. बरेच लोक तेव्हा वैतागून गेटकडं निघतात. अर्धा-पाऊण तास छपराखाली काढला तर रांगा निम्म्या होतात, हवा गार होते आणि दुपारी झोपलेली जनावरं उठून फिरू लागतात. बारा डॉलरचा रेनकोट आत घेण्यापेक्षा दीड डॉलरचा बाहेरून आणावा.

डायनोसॉरचा विभाग आता नकाशावर शोधू नका. त्या जागी २०२७ मध्ये 'ट्रॉपिकल अमेरिकाज' उघडायचं डिस्नेनं जाहीर केलं आहे.

दिवसाचं शेवटचं काम 'फ्लाइट ऑफ पॅसेज'. रांग टाळायचा 'सिंगल पास' विकत घेता येतो, पण पार्क बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी साध्या रांगेत शिरलात तरी बसवतात; एकदा रांगेत गेलेल्याला परत पाठवत नाहीत. धोका एकच, राइड बिघडून बंद पडली तर दुसरी संधी नाही. आसन मोटरसायकलसारखं, पाठीला आणि पोटऱ्यांना मागून पट्ट्या आवळल्या जातात. पोटऱ्या जाड असतील तर कुलूप लागत नाही, म्हणून बाहेर ठेवलेल्या नमुना आसनावर आधी बसून बघा. उंची किमान ४४ इंच. चष्म्यावर थ्री-डी चष्मा बसतो. गरगरलं तर डोळे मिटण्याऐवजी लांबच्या डोंगरावर नजर ठेवावी.

बाहेर पडेपर्यंत पँडोरातली झाडं अंधारात उजळलेली असतात, गर्दी ओसरलेली असते आणि तरंगत्या डोंगरांखालच्या फोटोत अनोळखी माणसं येत नाहीत. गाडीनं आला असाल तर सकाळी उतरताना पार्किंगमधल्या रांगेच्या क्रमांकाचाही एक फोटो काढलेला असू द्या.