वरच्या ओळीतली बटणं

लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं की वायफाय लागतं, आवाज येतो, प्रिंटरसुद्धा हल्ली मुकाट छापतो. अडतं ते कीबोर्डच्या वरच्या ओळीत. सूर्याचं चित्र असलेलं बटण दाबावं, तर स्क्रीन ढिम्म.

पहिला संशय जातो तो बिचाऱ्या एफएनवर, म्हणजे या बटणांच्या जोडीला दाबायच्या Fn बटणावर. पण बहुतेक लॅपटॉपांत एफएन लिनक्सला दिसतच नाही. कीबोर्ड सांभाळणारी वेगळी चिप ते परस्पर निस्तरते. त्यामुळे कुठलं बटण दाबलं ते दाखवणारं इव्हटेस्ट उघडून एकटं एफएन बडवण्यात अर्थ नाही, एफएन आणि सूर्य अशी जोडी दाबायची. काही उमटलं तर बटण ठणठणीत आहे, घोळ पुढे कुठेतरी आहे.

काहीच उमटलं नाही, तर डीमेसग, सिस्टीमची नोंदवही उघडणारी आज्ञा. तिथे कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, कधी कधी लिहून ठेवलेलं असतं, की अनोळखी बटण दाबलं गेलं, त्याचा कोड अमुक. आणि लगेच पुढच्या ओळीत, 'सेटकीकोड्स' ही आज्ञा वापरून त्याची ओळख करून द्या. तक्रार नोंदवून वर उपायही सांगणारा असा कारकून मला अजून कुठल्याच कचेरीत भेटलेला नाही! ती ओळख मात्र रीबूटपुरतीच. कायमची हवी तर यूडेव्हच्या एचडब्ल्यूडीबीत, म्हणजे हार्डवेअरच्या नोंदींच्या यादीत, ओळ घालायची.

ब्राइटनेसची गंमत निराळी. बटण पोचतं, स्क्रीनवरची पट्टी ऐटीत खालीवर होते, उजेड तेवढाच. लॅपटॉपचं फर्मवेअर, म्हणजे त्यात मुळातच बसवलेलं सॉफ्टवेअर, चालू होताना ऑपरेटिंग सिस्टीमला विचारतं, तू अमुक विंडोज का? लिनक्स बिनदिक्कत 'हो' म्हणतं. आणि 'तू लिनक्स का?' असं विचारलं तर 'नाही'! २००७ साली आलेल्या कर्नलच्या २.६.२३ आवृत्तीपासून हाच शिरस्ता. कारण व्यवहारी आहे: कंपन्या तपासतात ती विंडोजची वाट, लिनक्सची वाट बहुधा कुणी चालूनही पाहिलेली नसते. पण थाप मारली की ती निभवावी लागते. विंडोज ८ आहे असं समजून काही फर्मवेअर उजेडाचं काम अंगाबाहेर टाकून ऑपरेटिंग सिस्टीमवर सोडतात.

माझ्या जुन्या लॅपटॉपवर ग्रबमध्ये, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, याच प्रश्नोत्तरांची एसीपीआय-ओएसआय ही ओळ घालून लिनक्सला तेवढ्या एका विंडोजपुरतं 'नाही' म्हणायला लावलं, आणि उजेड मुकाट्याने कमीजास्त व्हायला लागला. माइकच्या बटणावरचा दिवा मात्र उलटाच लागतो, माइक चालू असताना लाल. मीटिंगमध्ये शेजारचे दचकतात. मला सवय झाली आहे.