एका वर्गात तीन उत्तरं

नेटवर्कची घनता, म्हणजे शक्य असलेल्या जोड्यांपैकी किती जोड्या खरोखर जुळलेल्या आहेत ते प्रमाण, शिकवताना मी दरवर्षी कराटे क्लबचा डेटा देतो. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातला हा क्लब. वेन झॅकरी यांनी त्याचा अभ्यास १९७७ साली प्रसिद्ध केला. ३४ सभासद आणि क्लबबाहेरही ज्यांची एकमेकांकडे ऊठबस होती अशांमधले ७८ दुवे. प्रॅक्टिकल पाच मिनिटांचं.

त्या दिवशी तीन बाकांवरून तीन उत्तरं आली : ०.१३९, ०.२७८ आणि ०.०७०.

३४ जणांच्या जोड्या होतात ५६१. त्यातल्या ७८ जुळलेल्या, म्हणून ०.१३९ बरोबर. दुसऱ्या मुलाने मॅट्रिक्समधले, म्हणजे ओळीत आणि स्तंभात तेच सभासद मांडून दुवा असेल तिथे १, नसेल तिथे ० लिहिलेल्या तक्त्यातले, सगळे १ मोजले होते. तिथे प्रत्येक दुवा दोनदा येतो, त्यामुळे १५६ झाले. तिसऱ्याने दिशा असलेल्या नेटवर्कचं सूत्र लावलं, ज्यात 'अ कडून ब' आणि 'ब कडून अ' हे वेगळे धरतात, आणि छेद दुप्पट झाला. मी फळ्यावर तिन्ही मांडून दाखवली आणि पुढे निघालो.

"सर, पण हा क्लब फुटला होता ना? मग आकड्यात ते दिसायला नको?" मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

क्लब खरंच फुटला होता. शिकवणीच्या फीवरून प्रशिक्षक आणि अध्यक्ष यांच्यात बिनसलं आणि सभासद १७-१७ असे वाटले गेले. तिने मॅट्रिक्सच्या प्रिंटवर एका गटाच्या ओळी लाल पेनाने, दुसऱ्याच्या निळ्याने रंगवल्या होत्या. आम्ही दोघं तिच्या बाकावर वाकून मोजत बसलो. प्रशिक्षकाच्या गटात १३६ जोड्यांपैकी ३५ दुवे, अध्यक्षाच्या गटात ३२. आणि दोन गटांच्या मधे, २८९ जोड्यांपैकी फक्त ११! आत ०.२५ च्या आसपास, मधे ०.०४ सुद्धा नाही. इतकी वर्षं ०.१३९ मिळालं की मी पान उलटत होतो. फूट त्याच पानावर होती.

तिचं बोट मात्र ९ नंबरच्या सभासदावर अडलं होतं. "याचे पाचपैकी तीन दुवे अध्यक्षाकडचे आहेत, तरी हा प्रशिक्षकाकडे कसा गेला?"

झॅकरींनी त्याचं कारण नोंदवलंय : त्याची ब्लॅक बेल्टची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. अध्यक्षाकडे गेला असता तर ती हातची गेली असती.

तिने ९ च्या ओळीशेजारी समासात लिहिलं, 'परीक्षा', आणि खाली दोन रेघा ओढल्या.