मुंबईहून इमॅजिका: आधी कोणती राइड, नंतर कोणती

खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कहून परतणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: निम्मा दिवस रांगेत गेला. तक्रार खरी आहे, पण बऱ्याच रांगा आपणच ओढवून घेतो. गेटमधून शिरलेली गर्दी समोर दिसेल त्या राइडपाशी थांबते, फोटो काढते आणि दुपारच्या सुमारास नायट्रो या रोलर कोस्टरखाली एकदम जमा होते. क्रम उलटा ठेवला तर आठवड्याच्या मधल्या दिवशी सगळ्या मोठ्या राइड्स आरामात होतात. डिसेंबर-जानेवारीत मात्र शाळांच्या सहली आठवड्याच्या मधल्या दिवशीच येतात, तेव्हा तारीख ठरवताना तेही डोक्यात ठेवा.

पार्क रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर आहे. मुंबईहून येताना एक्स्प्रेसवेचा घाट सुरू होण्याआधीच खोपोलीकडे बाहेर पडायचं असल्यामुळे घाट चढावा लागत नाही. तरी शनिवारी सकाळी लोणावळ्याला निघालेली मुंबई खालापूर टोलनाका तुंबवते आणि त्या गर्दीत आपणही सापडतो. रविवारी संध्याकाळी उलटं, घाट उतरून येणारी सगळी वाहनं आपल्या परतीच्या वाटेवर असतात. दक्षिण मुंबईकरांचा वाशीचा फेरा अटल सेतूमुळे वाचतो, फक्त त्याचा टोल वेगळा धरा. एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे; बाइकवाल्यांनी जुन्या महामार्गाने पनवेल, चौक, खालापूर, खोपोली असं यावं. आणि निघण्याआधी कालनिर्णय बघा. महडचा वरदविनायक जवळच आहे आणि पार्कसमोरचा रस्ता पुढे पालीच्या बल्लाळेश्वराला जातो. अंगारकीला किंवा माघी गणेश जयंतीला या रस्त्यावर जायची वेळ चुकीची.

लोकलने यायचं तर कर्जतहून खोपोलीची शाखा धरायची: पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. या शाखेवर गाड्या मोजक्याच आहेत, म्हणून परतीची वेळ सकाळीच बघून ठेवा. स्टेशनपासून पार्कपर्यंत रिक्षा करावी लागते. रिक्षात बसायच्या आधी भाडं ठरवा आणि परतीला यायला सांगून त्याचा नंबर घेऊन ठेवा. पार्ककडून मुंबईतल्या काही ठिकाणांहून बसचीही सोय असते, पण थांबे बदलत राहतात, त्यामुळे ऑनलाइन तिकीट काढतानाच ते तपासायचं. त्या दिवसाची उघडण्याची वेळ आणि दुरुस्तीसाठी बंद असलेल्या राइड्सही तिथेच कळतात.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय इथल्या राइड्सची निवड नीट कळत नाही. मुंबईकरांचं पहिलं मोठं थीम पार्क गोराईचं एस्सेलवर्ल्ड, १९८९ चं. शेजारचं वॉटर किंगडम १९९८ चं. मार्वेहून किंवा बोरिवलीच्या जेट्टीवरून होडीने जाण्यात निम्मी मजा होती. एस्सेलवर्ल्ड २०२२ पासून बंद आहे, वॉटर किंगडम चालू आहे. अजूनही लोक दोन्ही एकच समजून निघतात, म्हणून सांगितलं. इमॅजिका एप्रिल २०१३ मध्ये उघडलं, तेव्हाचं नाव अ‍ॅडलॅब्स इमॅजिका. उभं केलं मनमोहन शेट्टी यांनी, म्हणजे ज्यांच्या अ‍ॅडलॅब्समध्ये हिंदी सिनेमाच्या फिल्म धुतल्या जात आणि ज्यांनी वडाळ्याचं आयमॅक्स काढलं तेच. पडदा, प्रोजेक्टर आणि हलणाऱ्या खुर्च्या यांवर चालणाऱ्या राइड्स इथे इतक्या का, याचं उत्तर बहुधा तिथेच आहे. २०२२ मध्ये पार्क संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलं. हो, गाय छाप जर्दावाले मालपाणीच. लोणावळ्याचं आणि शिर्डीचं वेट अँड जॉयही त्यांचंच.

आता क्रम. गेट उघडल्यावर कुठेही न रेंगाळता थेट नायट्रो. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबियार या कंपनीचा हा फ्लोअरलेस कोस्टर आहे: सुमारे ४० मीटर उंची, ताशी १०५ किलोमीटर वेग आणि पाच वेळा उलटं होणं. आपण बसलो, खांद्यांवरून आवळून धरणारे हार्नेस लागले, की पायाखालची फळी खाली सरकते आणि पाय मोकळे लोंबतात. फळी पूर्ण बाजूला झाल्याची खूण मिळाल्याशिवाय गाडी सुटत नाही. एवढ्यासाठीच चपला-सँडल चालत नाहीत, घट्ट बसणारे बूट घाला.

इथली रांग हळू का सरकते ते समजून घेण्यासारखं आहे. रूळ ब्लॉकमध्ये विभागलेला असतो आणि एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी, लोकलच्या सिग्नलसारखं. पुढची गाडी ब्लॉक सोडेपर्यंत मागची थांबते. त्यामुळे खरा वेळ जातो तो स्टेशनात. प्रत्येकाचा हार्नेस आणि पट्टा माणूस हाताने ओढून बघतो. कोणाच्या खिशातून मोबाइल निघतो, कोणाचा चष्मा, कोणाच्या गळ्यात ओढणी, आणि मागची गाडी ताटकळते. खिसे आधीच लॉकरमध्ये रिकामे करा. चष्म्याला मागून दोरी लावा. अंगाने भारी असाल तर रांगेत शिरण्याआधी नमुन्याच्या खुर्चीबद्दल विचारा. पट्टा लागला नाही तर कोणाच्याही विनवणीने ते बसू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

बसायचं कुठे? पुढच्या ओळीत समोर काहीच नसतं, भीती डोळ्यांना वाटते. मागच्या ओळीत ती पोटाला कळते, कारण पुढचे डबे उतरायला लागलेले असतात आणि शेवटचा डबा माथ्यावरून खेचला जातो. पहिल्यांदाच बसणाऱ्याने मधली ओळ घ्यावी. डोकं मागच्या उशीला टेकवून ठेवायचं, नाहीतर वळणांवर कान हार्नेसवर आपटतात. लूपच्या तळाशी क्षणभर डोळ्यांपुढे करडं झालं तर रक्त पायांकडे गेलेलं असतं. मांड्या आणि पोट आवळून धरले की उतरतं. गाडी चढावर मध्येच थांबली तर बहुतेक वेळा एखाद्या सेन्सरने पुढचा ब्लॉक मोकळा असल्याचं कळवलेलं नसतं. यंत्रणा शंका आली की थांबते, तशीच ती बनवलेली आहे. चढाला लागून जिना असतो. सांगितल्याशिवाय हार्नेसशी खेळू नका.

नायट्रोनंतर लगेच डीप स्पेस: बंद घुमटातला अंधारातला कोस्टर, जो साखळीने वर न चढता चुंबकाच्या जोरावर झटक्यात सुटतो. पुढचं वळण दिसत नसल्यामुळे मान सैल राहते आणि दुखते, तेव्हा इथेही डोकं मागे टेकवा. मग स्क्रीम मशीन आणि डेअर टू ड्रॉप हा मनोरा. उंचावरून सोडणाऱ्या अशा मनोऱ्यांत सहसा चुंबकाचे ब्रेक असतात. धातूची पट्टी चुंबकांमधून वेगाने जाते तेव्हा तिच्यात निर्माण होणारे प्रवाहच तिला अडवतात. वीज गेली तरी ते लागतात. ज्यांना मनोऱ्याची भीती वाटते त्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

ऊन चढलं की आत शिरायचं. आय फॉर इंडियामध्ये खुर्च्या उचलून पडद्यासमोर नेल्या जातात आणि आपण देशावरून उडतो. मधली जागा मिळाली तर पडद्याची कड दिसत नाही, म्हणून आत सोडताना कडेला ढकलले जाऊ नका. अलिबाबामध्ये बंदुकीने नेम धरायचा असतो, मुलांना तीच आवडते. मिस्टर इंडियाची राइड १९८७ च्या सिनेमावर बेतलेली, मोगँबोसकट. खुर्ची हलते पण शरीर पुढे जात नाही, डोळे मात्र पुढे गेल्याचं सांगतात, आणि मळमळ या तफावतीतून येते. ज्यांना घाटात एसटीत त्रास होतो त्यांनी ही जेवणानंतर लगेच घेऊ नये. सुरुवात झाली तर डोळे मिटायचे. या सगळ्या राइड्स एका खेळात भरपूर माणसं घेतात, म्हणून रांग लांब दिसली तरी लवकर संपते.

राजासॉरस रिव्हर अ‍ॅडव्हेंचर या बंद खेळांच्या आधी कधीच करू नका. शेवटच्या उडीत भिजता आणि मग एसीत अर्धा तास कुडकुडता. ओल्या मोज्यांनी फोड येतात ते वेगळंच. ती ऊन कलायच्या आधी, पण शेवटी शेवटी. पुढच्या ओळीत सर्वांत जास्त भिजायला होतं. हा डायनासोर कोणाच्या डोक्यातून निघालेला नाही. राजासॉरस नर्मदेन्सिसची हाडं गुजरातेत राहिओलीला सापडली आणि २००३ मध्ये त्याला नाव मिळालं. मुलांना रांगेत सांगायला बरं.

रांग टाळणारं एक्स्प्रेस तिकीट सुट्टीच्या दिवशीच घ्यावं. आठवड्याच्या मधल्या दिवशी ते घेणं म्हणजे पैसे उधळणं.

पावसाळ्यात जायचं का? खोपोली घाटाच्या पायथ्याशी, तिथला पाऊस मुंबईपेक्षा जोरदार. गर्दी कमी आणि डोंगर हिरवे, पण विजा किंवा मुसळधार सुरू झाली की बाहेरच्या राइड्स थांबवतात. घासून थांबवणारे ब्रेक ओले झाले की पकड कमी होते, आणि शंभराच्या वेगात थेंब तोंडावर सुईसारखे टोचतात. कोस्टरसाठीच जात असाल तर जून ते सप्टेंबर टाळा.

वॉटर पार्कचं तिकीट वेगळं आहे आणि दोन्ही एका दिवसात उरकायचा हट्ट करू नये. तिथे नायलॉनचे कपडे लागतात, कारण सुती कापडाचे धागे सुटून फिल्टर तुंबतात. घरून नेले नाहीत तर तिथे भाड्याने किंवा विकत घ्यावे लागतात. स्नो पार्कमध्ये जाकीट मिळतं. मोजे आपले असलेले बरे. बाहेरचं खाणं आत सोडत नाहीत, तेव्हा सकाळी खोपोलीत किंवा वाटेत पोटभर खाऊन घ्या आणि आतलं जेवण बाराच्या आधी किंवा तीननंतर.

पार्कमधली संध्याकाळची मिरवणूक बघून सगळे एकदम गेटकडे वळतात. गाडीवाल्यांनी तिथेच चहा घेऊन थोडा वेळ जाऊ द्यावा. लोकलवाल्यांनी मिरवणूक सोडून आधी निघावं. खोपोलीची गाडी चुकली तर पुढचीची वाट बघत बसण्यापेक्षा खोपोलीहून पनवेलची एसटी पकडा; पनवेलहून हार्बरला गाड्या भरपूर आहेत.